काळ्या पट्टीजवळ कोण बसणार

गळीत हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर आमच्या इंदापूरकडच्या दवाखान्यात अपघाताची रंगीत तालीम ठेवली. उसाची ट्रॉली वऱ्हाडाच्या टेम्पोवर उलटली आहे, असं धरून चालायचं होतं. जखमी व्हायला शेळगावच्या बचत गटाच्या बायका आल्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून.

दारात उभं राहून प्रत्येकाच्या मनगटाला पट्टी बांधायचं काम फरिदा सिस्टरकडं होतं. लाल म्हणजे आधी आत घ्या, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, हिरवी म्हणजे चालता-बोलता. काळी म्हणजे गेलेला, किंवा आहे त्या माणसांत नि आहे त्या सामानात वाचणार नाही असा. काळ्या पट्टीपाशी सिस्टरनं थांबायचं नाही. तेवढ्यात लाल पट्टीतला एखादा जातो.

पुण्याहून आलेल्या साहेबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "मागच्या वेळी तुमचं जमलं नाही. आजही फसलं, तर अपघाताची गर्दी इथं घ्यायचीच नाही. सगळी थेट बारामतीला."

फरिदाचा भाऊ रसूल दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस ओढतो. त्यामुळं बारामतीचा रस्ता तिला जरा जास्तच लांब वाटत होता.

काळी पट्टी कुशाबाईच्या वाट्याला आली. डोक्याला मार, शुद्ध नाही, श्वास तुटक. फरिदानं पट्टी बांधून तिला आवारातल्या लिंबाखाली चादरीवर झोपवलं.

"सवाष्णीला काळं बांधतीस व्हय गं?" बेशुद्ध कुशाबाई म्हणाली.

"मावशी, तुम्हाला शुद्ध नाही."

"बरं," म्हणून तिनं डोळे मिटले.

थोडा वेळ सगळं बरं चाललं. मग पाय मोडलेली छबूबाई उठली आणि चालत लिंबाखाली जाऊन बसली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. पोटात रक्तस्राव होत असलेली रेश्मा सलाईनची बाटली स्वतःच उंच धरून निघाली.

"छबूबाई, पाय मोडलाय तुमचा!" फरिदा ओरडली.

"मोडू दे. माणूस जातंय आन् एकलंच पडलंय. आसं कुठं आसतंय?"

"अजून गेल्या नाहीत त्या."

"मंग तर बसायलाच पायजे."

कुशाबाईनं डोळे न उघडता विचारलं, "तोंडात पाणी कोन घालनार?"

शिपाई सोनबा तांब्या आणायला पळाला. दोन सिस्टरही तिकडंच वळल्या. आत खाटा रिकाम्या राहिल्या. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"सिस्टर, तुमच्या माणसांना शिस्त नाही."

"ही त्यांची शिस्तच आहे, साहेब," फरिदा म्हणाली. "एकदा परत घेऊ?"

साहेबांनी स्वयंपाकाच्या वासाकडं नाक वळवलं. "जेवणाआधी उरका."

फरिदानं हिरव्या पट्टीच्या जोतीराम आबांना बोलावलं. जखमींत पुरुष तेवढे एकच.

"आबा, तुम्ही मावशींपाशी बसायचं. हात धरायचा. उठायचं नाही."

"मी? बाया हायेत की."

"बायांची हाडं मोडलीत. तुम्हाला नुसतं खरचटलंय."

"आन् करायचं काय?"

"काही नाही. बसायचं."

"त्ये जमंल."

बायांकडं वळून ती म्हणाली, "मावशीपाशी आबा बसलेत. आता जिनं तिनं आपापल्या जागेवर पडायचं."

"आबा, पाणी इसरू नगा," छबूबाईनं बजावलं आणि पाय मोडून घेतला.

आबा हात धरायचा का नाही, या विचारात बसले होते. कुशाबाईनंच हात पुढं केला. "लाजू नगा. मी शुद्धीत न्हाय."

तालीम पुन्हा सुरू झाली. या वेळी कुणी जागचं हललं नाही. पट्ट्या तपासून फरिदा रेश्माच्या स्ट्रेचरमागून लिंबाजवळून आत निघाली, तेव्हा खालून कुशाबाईचा आवाज आला.

"फरिदा, पोरी... तू तरी थांब की गं."

हे साहेबांनी शिकवलेलं नव्हतं. फरिदाचं पाऊल अडलं.

"जाऊ द्या तिला," आबा हळूच म्हणाले. "मी हाय न्हवं?"

फरिदा आत गेली. मागं वळली नाही. रेश्माचा रक्तदाब तिनं घेतला, सलाईन सोडलं, पुढचा लाल आणायला सांगितलं.

साहेब दारात येऊन उभे राहिले. "ठीक आहे. गर्दी इथंच घ्या. त्या बसणाऱ्या माणसाचंही ठरवून ठेवा."

फरिदानं मान हलवली. हातात मोजे होते, म्हणून तिनं डोळे खांद्याला पुसले आणि पिवळ्या पट्ट्यांकडं वळली.