पाठमोऱ्या सुनेचे संवाद

कोरियन मालिका लिहिणाऱ्यांवर लवंगीचा भारी राग. लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे; डबिंग स्टुडिओतल्या मंडळींनी तिच्या जिभेचा तिखटपणा बघून ते ठेवलं होतं. या मालिकांचे मराठी संवाद लिहिणं हे तिचं पोटापाण्याचं काम, आणि लिहिता लिहिता त्यांची सालटी काढणं हा छंद.

"दर सहाव्या भागात कुणाला तरी ट्रक उडवणार," ती म्हणायची, "आणि शुद्धीवर आलं की आठवण गायब! नायक कोट्यधीशाचा मुलगा, पण मनगट धरून ओढण्यापलीकडे त्याला प्रेम येत नाही. नायिका चार पावलं चालली की धडपडते. बाई गं, मापाच्या चपला तरी घाल!"

अकरा वर्षं तिने असे संवाद लिहिले, पण पडद्यावर नाव कधी आलं नाही. या मालिकेपासून ते येऊ लागलं होतं. भाग संपला की 'मराठी संवाद' आणि पुढे तिचं पूर्ण नाव. ते दोन सेकंद दिसायचं, आणि तिचे बाबा ते दर वेळी मोठ्याने वाचायचे. हे नाव आता जाता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात असे.

या मालिकेतली सून तर तिच्या डोक्यात गेली होती. सासू मागून यायची, सुनेच्या खांद्याशी उभी राहून हलक्या आवाजात वाट्टेल ते बोलायची. तुझ्या बापाने काय शिकवलं, माझ्या मुलाचं वाटोळं केलंस, असलं. आणि सून? मान जराशी झुकवायची, भांडी पुसत राहायची आणि सासू निघाली की वळून हसायची. भाषांतरासाठी आलेल्या इंग्रजी संहितेत तिच्या नावापुढे एकच शब्द असायचा : शांतता.

"हे पात्र आहे की उशी?" लवंगी कडाडली. "एवढं ऐकून माणूस हसतं? लेखकाला सुचलं नाही म्हणून हिला मूग गिळून बसवलंय."

डबिंगमध्ये पात्राचे ओठ दिसत असले की लेखकाचे हात बांधलेले. तोंड मिटलं की वाक्य संपलंच पाहिजे. पण पात्र कॅमेऱ्याला पाठमोरं उभं असलं की रान मोकळं. ही सून सासू बोलत असताना नेमकी पाठमोरी असायची. मग काय, लवंगीने तिला तोंड दिलं. "माझ्या बापाने शिकवलं, म्हणूनच तुमचं ऐकून घेतेय." एकेक उत्तर असं सणसणीत, की आवाज देणारी बाई माइकसमोर टाळी द्यायची. डबिंगचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे काका म्हणत, तेही खूश. प्रेक्षकांची पत्रं आली : सून असावी तर अशी! आठ भागांत अकरा ठिकाणी लवंगीने मूळ लेखकाला असं सुधारलं.

सोळाच्या सोळा भाग पहिल्या दिवसापासून तिच्याकडे होते. पण पुढचे भाग आधी बघायची तिची पद्धतच नव्हती. "बघायचंय काय त्यात? ट्रक नाहीतर कॅन्सर," असं म्हणून ती ज्या भागाचं लिहायचं तेवढाच उघडायची.

आठ भाग प्रक्षेपित झाले, पुढचे तीन लिहूनही झाले. सोमवारी सकाळी तिने बारावा भाग लावला आणि चहाचा कप हातात तसाच राहिला.

दवाखाना. सून काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेली. डॉक्टर नवऱ्याला सांगत होता : डाव्या कानाने हिला लहानपणापासून अजिबात ऐकू येत नाही, तुम्हाला माहीत नव्हतं? दारात सासू उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी इतके दिवस तुझ्या याच बाजूला उभी राहून बोलत होते," सासू म्हणाली. "तुला काहीच कळलं नाही?"

सून अगदी कॅमेऱ्यासमोर वळली आणि हसली. "नाही हो आई. मला वाटायचं, तुम्ही हळूच आशीर्वाद देताय. म्हणून तर मी दर वेळी मान झुकवायचे."

सासू तिथेच जमिनीवर बसली.

लवंगीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने पहिला भाग लावला, मग दुसरा, मग तिसरा. अकराही प्रसंगांत सासू डावीकडे. फोन सुनेच्या उजव्या कानाला. कुणी डावीकडून हाक मारली की ती वळायचीच नाही. आणि लवंगी तिला उशी म्हणाली होती! सगळं समोर होतं. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या लिखाणात खोट काढणाऱ्या बाईला ते दिसलं नव्हतं.

ती धावत काकांच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

काकांनी हातातली संहिता मिटली. "म्हणजे आपली सून आठ भाग उत्तरं देतेय, आणि आता कळणार की तिला ऐकूच येत नव्हतं?"

"काका, आपण ते अकरा प्रसंग परत करू. मी फुकट करीन."

"लोकांनी पाहिलेले भाग? चॅनेलला काय सांगू, माझ्या लेखिकेने कथा बदलली? पहिलं तुझं नाव काढतील." ते खुर्चीत मागे टेकले. "कान काढून टाक. साधं डोकं दुखतंय म्हण. निस्तर तूच."

नाव काढतील, हे दोन शब्द तिला पुरले. ती तडक लिहायला बसली. सून आता समोर होती, ओठ स्पष्ट दिसत होते, त्या ओठांत बसेल असं तिने दोन दिवस खपून लिहिलं. डॉक्टर म्हणाला, ताण आहे. सासू म्हणाली, मी तुला फार बोलले. सून हसून म्हणाली, "जाऊ द्या हो आई. राग आला होता, पण आता मी सगळं विसरले." मग सासू काही कारण नसताना जमिनीवर बसली.

बारावा भाग लागला त्या संध्याकाळी ती बाबांशेजारी बसून होती. बाबांनी तो प्रसंग पाहिला आणि हात झटकले.

"हे काय? एवढी करारी पोर आणि म्हणे विसरले? ही म्हातारी अशी बसली का मधेच? तू म्हणतेस तेच खरं, बेटा. या लोकांना लिहिताच येत नाही."

नावं सरकू लागली. बाबा पुढे झुकले आणि त्यांनी तिचं पूर्ण नाव मोठ्याने, सावकाश वाचलं.

"तू होतीस म्हणून एवढं तरी बरं झालं," ते म्हणाले.

"बाबा, मूळ प्रसंग सांगू?" तिने विचारलं, आणि सांगितला. डावा कान, दारातली सासू, आशीर्वाद, झुकलेली मान.

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"असं होतं?" ते म्हणाले. "मग इतकं सोन्यासारखं कुणी घालवलं?"

"नाव आत्ताच वाचलंत की, बाबा," लवंगी म्हणाली.