कणकेनं बुजवलेलं भोक

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. पांढरा, पोटाला तोटी असलेला. आज माझ्यात कढीपत्ता वाढतो, पण एके काळी मी बियर पोसत होतो आणि त्यापायी मरता मरता वाचलो.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरात, सुजितच्या घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत. करोनाचा हिवाळा होता. त्याचं गोदामातलं काम बंद पडलं होतं आणि रिकामे हात त्याला चैन पडू देईनात. तो डब्यातला काकवीसारखा दाट माल्टचा अर्क गरम पाण्यात विरघळवून माझ्यात ओतायचा, निवल्यावर वर यीस्ट भुरभुरायचा. एकदा त्यात धने घातले, एकदा आलं. "तूच माझा मेट रे, माझा दोस्त," म्हणत तो माझं पोट थोपटायचा. मी फुगून जायचो. तेव्हा नुसता अभिमानानं.

पण घरात त्याची आई होती, नलिनीबाई. भारतातून थोड्या दिवसांसाठी आली आणि विमानं बंद झाल्यानं अडकली. तिचा नवरा दारूपायी गेला होता. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून मायलेक पंचशील म्हणत. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते आलं की सुजितचा आवाज खाली जायचा, हे मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आईला कळलं तर ती मोडून पडेल, या धास्तीनं त्याला घास गोड लागत नव्हता. तरी माझा नाद सुटत नव्हता.

मग एकदा त्यानं गूळ घातला. झालं! यीस्टला जोर चढला. माझ्या झाकणाला एक भोक आहे, त्यात पाण्याची छोटी नळी. आतला वायू तिच्यातून गुडगुडत बाहेर पडतो. तोच माझा श्वास. ती गुडगुड आईच्या खोलीपर्यंत पोचली.

"सुजित, काय वाजतंय रे तिकडे?"

"काही नाही आई, पाइप आहे."

आणि या शहाण्यानं काय करावं? बिर्याणीच्या भांड्याला दम देताना लावतात तशी कणीक मळली, नळी काढून भोक बुजवलं आणि वर टेप गुंडाळली. अहो, बिर्याणी चुलीवरून उतरते तरी. मला कोण उतरवणार?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं झाकण टम्म वर आलं. कडा करकरू लागल्या. ओरडावं तर तोंडच बंद! कुणीतरी या रे, असा मी आतल्या आत तडफडत होतो. पावलं वाजली, पण ती आईची. धुण्याची बादली खाली ठेवून ती माझ्यावर वाकली.

"अगंबाई, हे काय फुगलंय?" तिनं टेपला हात घातला.

"आई, मागे हो!" सुजित धावत आला. तिला दाराबाहेर ढकललं आणि माझ्याकडे पाठ करून दारात उभा राहिला. त्याच क्षणी झाकण उडालं, छतावर आदळलं आणि त्याच्या खांद्यावर पडलं. फेसानं तो नखशिखांत न्हाला. वास घरभर झाला. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

आई रागावली असती तर बरं, असं मलाही वाटलं. ती पुढे आली आणि पदरानं त्याचं डोकं पुसू लागली.

"लागलं का रे?" मग म्हणाली, "तुझे बाबाही लपवूनच प्यायचे. मी विचारायचे, ते म्हणायचे, काही नाही."

सुजित ओल्या फरशीवर बसून रडला. "सांगणार होतो गं आई."

"मग सांग की. मी काय पळून जातेय? विमानं कुठे चालू आहेत?"

दुसऱ्या सकाळी पाचव्या शीलाशी तो अडखळला. आई त्याच्यासाठी थांबली. मग दोघांनी ते मोठ्यानं म्हटलं.

माझं झाकण तडकलं होतं. बरेच महिने मी मागच्या अंगणात पालथा पडून होतो. मग माझ्या बुडाला भोकं पाडून सुजितनं हा कढीपत्ता लावला. पाणी घालायला आई यायची.

मित्रांनो, ड्रमला जपा, झाकण नीट लावा, पण त्याचं भोक बुजवू नका. आणि घरातल्या कुणी "काय वाजतंय रे?" असं विचारलं, तर "काही नाही" एवढं मात्र म्हणू नका.