कोरमपुरती

“ये, हिमानी. आता झालो पाच,” पद्मिनीकाकू म्हणाल्या आणि स्ट्रोलरला जागा व्हावी म्हणून त्यांनी स्वतःचीच खुर्ची सरकवली.

माझ्या तान्ह्या रुहीला सकाळपासून कणकण वाटत होती. थर्मामीटर काही विशेष दाखवत नव्हता, म्हणून मी तो तीनदा लावून पाहिला होता. “कॅन्सल कर ना यार,” केदार ऑफिसला निघताना म्हणाला, “लायब्ररीतल्या मीटिंगला कोण विचारतंय!” पण काकूंचे दोन फोन येऊन गेले होते. वर्षातली एकच मीटिंग, तू नुसतं बसायचंस, कोरमला पाच जण लागतात. आणि या गावात केदार सोडला तर माझ्याशी मराठीत बोलणारं एवढं एकच माणूस होतं. शनिवारच्या बाजारात त्या सिस्टर सिटी कमिटीचं टेबल मांडून एकट्या बसायच्या. खरं सांगायचं तर बोलायला कोणी मिळावं म्हणून मी मेंबर झाले होते.

आमच्या या अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीच्या गावाचं घानातल्या तशाच एका गावाशी बावीस वर्षांचं नातं. इकडचे प्रोफेसर तिकडे जायचे, तिकडच्या नर्सिंगच्या मुली इकडे येऊन शिकायच्या. काकू लॅबमध्ये टेक्निशियन होत्या तेव्हापासून कमिटीच्या सेक्रेटरी. काका गेले, मुलगा रेडमंडला गेला, कमिटी राहिली. गेल्या चार वर्षांत मात्र कोणी आलंही नव्हतं, गेलंही नव्हतं.

अध्यक्ष रसेलने घसा साफ केला आणि ठराव वाचला. पार्टनरशिप बंद करावी.

मी दचकून काकूंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून मीटिंगचे मिनिट्स लिहीत होत्या.

तेवढ्यात रुहीने भोकाड पसरलं. मी तिला उचलून उठले.

“हिमानी बाहेर गेली तर कोरम जाईल,” रसेल इंग्रजीत म्हणाला. “मग मतदान पुढच्या वर्षी.”

मला कळायला क्षणभर वेळ लागला. म्हणजे मी नुसती दाराबाहेर गेले तरी नातं वाचत होतं! रुहीचं कपाळ मला आता खरंच गरम लागायला लागलं. मी डायपरची बॅग खांद्याला अडकवली.

“बस गं,” काकू म्हणाल्या.

“काकू, मी गेले तर…”

“माहितीये मला. इथले नियम यांना मीच वाचून दाखवते.” त्यांनी रुहीला माझ्या हातातून घेतलं, खांद्यावर टाकलं. “चार वर्षं झाली, दरवेळी कोरम नाही. आणि मी तिकडच्या कम्फर्टला कळवते, पुढच्या वर्षी नक्की. ती बिचारी दरवेळी मुलींची यादी करते, त्यांना पासपोर्ट काढायला लावते. किती ताटकळत ठेवायचं माणसांना?”

“पण तुमचं काय?”

“माझं काय व्हायचंय! बस.”

बाकीचे तिघं आमच्या तोंडांकडे बघत होते. मी बसले.

तीन हात वर झाले. विरोधात माझा आणि काकूंचा. रुहीला एका हाताने थोपटत काकूंनी तीन विरुद्ध दोन असं लिहून घेतलं. रसेलने जाताना त्यांचे आभार मानले, खूप चांगले शब्द वापरून. “खुर्च्या राहू दे, मी लावते,” त्या म्हणाल्या.

सगळे गेल्यावर त्यांनी घानाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तिकडे दुपारचे चार वाजले होते.

“पद्मिनी! फोन जवळ घेऊनच बसलेय. जेवलीस?” कम्फर्टने विचारलं.

“जेवेन आता. कम्फर्ट, संपलं बाई. तीन-दोन.” इंग्रजीतही त्यांनी ‘बाई’ तसंच ठेवलं. “मुलींना सांग, आता थांबू नका.”

पलीकडे कोंबडा आरवला, कुणीतरी बादली ठेवली. दोघींनीही फोन ठेवला नाही. रुही त्यांच्या खांद्यावर झोपली होती आणि ती उठेल म्हणून मीही हालचाल केली नाही.

खोलीत कोणी नाही असं समजून दिवा आपोआप बंद झाला.

काकूंनी मोकळा हात वर करून हलवला. दिवा लागला. फोन चालूच होता.