लंडनचा ठसा आणि आष्टीचा बैल

मित्रांनो, मी एक जुना पितळी ठसा आहे. पुस्तकाच्या कव्हरावर सोनेरी नक्षी उमटवणं हे माझं काम. माझा जन्म व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, लंडनला झाला. माझी ट्यूलिपची फुलं एका बाईंनी रेखाटली. कापडाचा रंग कोणता, सोनं कुठं आणि किती, हे सगळं त्याच ठरवायच्या. पण त्याआधी अख्खं पुस्तक वाचून काढायच्या. लोक म्हणायचे, "काय देखणं पुस्तक!" आणि बाईंचं नाव आत शोधूनही सापडायचं नाही. असं का, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

पुढं एका पाद्रीसाहेबाच्या पेटीतून मी निजामाच्या मुलखात, जालन्याला आलो. साहेब परत गेला आणि मी पुस्तकं बांधणाऱ्या फकरोद्दीन जिल्दसाजाकडे राहिलो. दहा वर्षं त्याने मला उर्दू पुस्तकांवर उठवलं. पुस्तक शायरीचं असो की हकिमीचं, वर फुलं माझीच! मी अगदी फुगून गेलो होतो.

एकदा आष्टीचे रखमाजी मास्तर आले. गुरांच्या औषधांचं पुस्तक त्यांनी वीस वर्षं खपून हाताने लिहिलं होतं. त्यांची नजर मात्र दिवसेंदिवस जात होती.

"दिसतंय तवर माझं पुस्तक बघू द्या, भाई. जल्दी करा."

फकरोद्दीनने चामड्याची जिल्द बांधली, जवळ उरलेलं सोन्याच्या वर्खाचं शेवटचं पान त्यावर ठेवलं आणि मला तापवून दाबलं. मास्तरांनी पुस्तक डोळ्यांजवळ धरलं.

"भाई, फुलं तर मागल्या पुठ्ठ्यावर आली!"

उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. हाताच्या सवयीने फकरोद्दीनने मराठी पुस्तकाची पाठ सजवली होती. तो ओशाळला.

"गलती माझी हाय, मास्तर. मला मराठी वाचता येत न्हाई. ह्यात काय लिव्हलंय ते सांगा, मंग म्होरचं बघतो."

मास्तर दुपारभर सांगत राहिले. मग फकरोद्दीनने शिसवी लाकडावर बैल कोरायला घेतला. मला रागच आला. लाकडी ठसा, तोही सोन्याविना! त्याला महिना लागला. मग पुढच्या पुठ्ठ्याचं चामडं ओलं करून त्याने त्यावर तो बैल दाबून उठवला.

मास्तर आले ते लेकीचा, उषाबाईचा हात धरून. नजर पुरती गेली होती. फकरोद्दीनने पुस्तक त्यांच्या हाती दिलं. माझ्या फुलांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हे कंचं झाड हाय?" मग त्यांनी पुस्तक उलटलं.

"शिंगं... वशिंड... गळ्याखालची लोंबती पोळी... उषे, हा तर आपला देवणी बैल!"

मास्तर हसत होते, रडत होते. खरं सांगतो, मला त्या लाकडाचा हेवा वाटला.

मित्रांनो, पुस्तकाचं कव्हर फाडू नका, त्यावर चहाचा पेला ठेवू नका. कुणीतरी पुस्तक समजून घेऊन ते काढलेलं असतं.