दीड मीटरचे पाते आणि इत्तोची दोरी

मित्रांनो, तिझरी गावाच्या वाटेने तुम्ही गाडीतून वर आलात आणि पोटातले पाणीही हलले नाही, तर थोडे श्रेय मला द्या. ड्रायव्हरला सगळेच देतात. मी एक जुने पाते आहे. भाजी चिरायचे नव्हे, लहान ट्रॅक्टरच्या मागे जोडून वाट सपाट करायचे. माझी लांबी दीड मीटर. ही लांबी ऐकून तुम्हाला काही वाटणार नाही, पण तिच्यावर एका मुलीचे शिक्षण अडले होते.

माझा जन्म अ‍ॅटलासच्या डोंगराखाली, आठवडी बाजाराच्या गावात, माल्लेम उहम्मूच्या लोहारखान्यात झाला. हातात कसब असलेल्या माणसाला आमच्याकडे माल्लेम म्हणतात, आणि उहम्मूला ते ऐकायला फार आवडायचे. आम्ही तिघे भाऊ एकाच आठवड्यात घडलो. धाकटा सव्वा मीटरचा, मी दीड मीटरचा आणि थोरला एक मीटर ऐंशीचा. आमची पाठ जाड पत्र्याची, आणि खाली कडक पोलादाची धार नटबोल्टने बसवलेली. धार बसवताना उहम्मू प्रत्येक वेळी म्हणायचा, "एक बाजू झिजली की उलटवून लावायची. दोन्ही बाजू सारख्याच घासल्यात मी." ऐकणारे मान हलवायचे आणि दाराबाहेर पडताच विसरायचे.

थोरल्याला लाल रंग मिळाला, मला निळा, धाकट्याला हिरवा. गिऱ्हाईक आले की आधी थोरल्याच्या पाठीवर थाप मारायचे. धाकट्याला पाहून हसायचे, तेही कौतुकानेच. माझ्याकडे कोणी बघत नसे. मी भिंतीला टेकून उभा असायचो आणि लोक माझ्यावर जाकिटे अडकवायचे. जळफळाट व्हायचा माझा, खोटे कशाला बोलू?

शरद ऋतूच्या तोंडावर एक दिवस बासू आला. तिझरी गावाने मंडळ काढून पंचवीस अश्वशक्तीचा एक लहान ट्रॅक्टर घेतला होता, आणि तो बासू चालवायचा. त्याच्या हातात एक दोरी होती. दोरीला दोन गाठी.

"माल्लेम, एवढं पातं पाहिजे," तो म्हणाला.

उहम्मूने दोरी थोरल्याला लावून पाहिली. तंतोतंत. "हे माप कुठनं आणलंस?"

"कुठनं म्हणजे? आमच्या खेचराचं आहे. दोन्ही अंगांना गवत लादून उभं केलं आणि मोजलं."

तुम्ही हसाल, पण त्याचे फारसे चुकले नव्हते. डोंगरातल्या गावांत सगळी मापे खेचराचीच. गल्ली किती रुंद? गवत लादलेले खेचर जाईल एवढी. दार किती? तेवढेच. पूल किती? तेवढाच. बासूच्या आजाने घर याच मापाने बांधले होते, आणि गावाची वाट बरोबर दोन लादलेल्या खेचरांएवढी होती. जाताना अर्धी वाट, येताना अर्धी, असा बासूचा हिशेब.

"अरे, खेचर पातं ओढणार आहे का?" उहम्मू म्हणाला. "ट्रॅक्टर किती रुंद आहे ते सांग. पंचवीस घोड्यांच्या गाडीला एवढं धूड झेपायचं नाही."

"पलीकडच्या गावात एक मीटर साठचं आहे."

"म्हणून तुला एक ऐंशीचं?"

बासूने मिशीवरून हात फिरवला. उहम्मूने थोरल्याला पिकअपमध्ये चढवायला मदत केली आणि म्हणाला, "ने बाबा. पण बदलायला आलास तर आधी बसून चहा प्यावा लागेल, आणि मी काय बोलेन ते ऐकावं लागेल."

पुढे काय झाले ते मला थोरल्यानेच सांगितले, कारण तो सहाव्या दिवशी परत आला. लाल रंग खरवडलेला, एक टोक वाकलेले आणि तोंड पार उतरलेले.

गोष्ट अशी होती. तिझरीत पाचवी-सहावीपर्यंतची शाळा आहे. पुढची शाळा अकरा किलोमीटर खाली. मुलगे कसेही जातात, नातेवाइकांकडे राहतात. मुली मात्र घरी बसतात. त्या वर्षी पहिल्यांदाच शाळेची गाडी वरपर्यंत येणार होती. गाडीचा ड्रायव्हर अल्लाल एकदा येऊन वाट बघून गेला. येताना त्याच्या गाडीचे पोट चार ठिकाणी घासले. तो खाली उतरला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सोमवारी परत येतो. वाट नीट केलीत तर रोज येईन. पोट घासलं, तर मी काही परत यायचा नाही. गाडी माझ्या बापाची नाही."

सात मुली गाडीची वाट पाहत होत्या. त्यांत बासूची धाकटी, तूदा. बासूच्या थोरल्या मुलीच्या वेळी गाडी नव्हती. ती घरी राहिली, आईबरोबर गालिचे विणायला बसली आणि सतराव्या वर्षी सासरी गेली. तिची आई म्हणजे इत्तो. या वेळी तूदाचे दप्तर तिने स्वतः विणले होते आणि ते दाराशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवले होते.

गुरुवारी तिवीझा ठरला. म्हणजे सगळ्या गावाने मिळून, मजुरी न घेता, एकमेकांच्या जेवणावर करायचे काम. बायका पाठीवर टोपल्यांतून खडी आणत होत्या, म्हातारे धोंडे वेचत होते. बासू ऐटीत ट्रॅक्टरवर बसला. थोरला जमिनीत रुतला, आणि ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली गेली. मागची जागेवरच गरगरा फिरली. बासूने पाते थोडे वर घेतले, तर ते नुसतेच मातीवरून घसरू लागले. पुन्हा खाली घेतले, तर बाहेर आलेले टोक एका धोंड्यात अडकले, ट्रॅक्टर आडवा झाला आणि टोक थेट पाण्याच्या पाटात घुसले. पाटाची भिंत फुटली. पाणी वाटेवर आले. होती ती खडीही वाहून गेली.

पाटकरी हद्दू काठी आपटत आला. "बासू! वाट करायला सांगितली होती, तळं नव्हे! आता बदकं आणतोस का?"

लोक हसले. बासू हसला नाही. त्याने तूदाकडे पाहिले. ती चिखलात उभी राहून आपली टोपली रिकामी करत होती. सोमवार चार दिवसांवर होता.

शुक्रवारी सकाळी पिकअप आमच्या दारात थांबली. बासू उतरला, आणि त्याच्यामागून इत्तो. उहम्मूने कबूल केल्याप्रमाणे आधी चहा ठेवला. पुदिन्याचा वास सुटला. पण बासूने पेला तसाच खाली ठेवला.

"बोल माल्लेम, काय बोलायचं ते. ऐकायलाच आलोय."

उहम्मूने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि बोलायचे सोडून दिले. हे मला त्याचे फार आवडले. "कुठलं नेतोस?"

"हिरवं. सगळ्यात लहान. परत फजिती नको."

"आणि ते पुरेल हे कशावरून?" इत्तो म्हणाली.

"ट्रॅक्टर एक मीटर वीसचा आहे. पातं सव्वा मीटरचं. पाच सेंटीमीटर जास्तच."

इत्तोने कमरेची दोरी सोडली. तीच दोरी, पण जुन्या गाठी सोडलेल्या. पहाटे तिने ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांपासून माप घेऊन नवी गाठ मारली होती. तिने उहम्मूला विचारले, "पातं सरळ धरून चालवतात, की तिरकं?"

"तिरकं, लाल्ला इत्तो," उहम्मू आदराने म्हणाला. "पिन काढायची, वळवायचं, परत पिन घालायची. म्हणजे माती कडेला सरकत जाते. सरळ धरलं तर माती पुढं साठत राहते."

"मग झालं तर." ती उठली आणि लोहारखान्याच्या धुळीत बोटाने दोन रेघा ओढल्या, चाकांच्या अंतराने. "ते हिरवं इथं ठेवा. तिरकं."

धाकट्याला ठेवले. त्याची दोन्ही टोके रेघांच्या आत पडली.

बासू रेघांवर वाकला. "अगं, पण ते मोठं आहे ना रेघांपेक्षा?"

"सरळ असताना मोठं. तूदाचे बाबा, दारात सतरंजी तिरकी पडली की उंबरा उघडा पडतो की नाही? सतरंजी आखडते का? मी रोज मागावर ताणा लावते, मला विचारायचं होतंत. खेचराला विचारलंत." तिने हिरव्या पात्यावर बोट ठेवले. "याच्यामागं वाट सपाट होईल आणि पुढच्या फेरीला तुमचंच चाक कडेच्या ढिगावर चढून ती परत उकरेल. सोमवारपर्यंत तेच करत बसाल."

उहम्मू इतका खूश झाला की त्याच्या पेल्यातला चहा सांडला. "वीस वर्षं मी हे तोंडानं सांगतोय! धुळीत काढून दाखवायचं मला सुचलं नाही."

इत्तोने रेघांच्या मापापुढे दोरीवर आणखी दीड वीत मोजली, दुसरी गाठ मारली, आणि मग सगळ्या लोहारखान्यावरून नजर फिरवली. मित्रांनो, त्या वेळी माझ्यावर उहम्मूचे जाकीट लटकत होते. तिने ते उचलून बाजूला ठेवले. दोरी माझ्या पाठीला लावली. गाठ बरोबर माझ्या टोकाशी आली. मला तिरके ठेवले, तर दोन्हीकडे चार-चार बोटे रेघांच्या बाहेर.

"गाठ बसली," ती म्हणाली.

मला त्या दिवशी काय वाटले ते मला आजही नीट सांगता येत नाही. भिंतीला टेकून ऐकलेली सगळी दुसऱ्यांची कौतुके मी विसरलो.

शनिवारी आणि रविवारी आम्ही काम केले. ट्रॅक्टर मला ओढताना हाशहुश करत नव्हता. मी तिरका चालायचो, माती कडेला सरकायची, आणि पुढच्या फेरीला चाके सपाट केलेल्या जागेवरूनच यायची. धोंडा आला तर माझे टोक अडायचे, पण बासू मला वीतभर उचलून पुढे न्यायचा. वळणावर त्याने मला उलट दिशेने वळवले आणि पाण्याला बाजूने जायला नाली काढली. हद्दूने आपला पाट बांधून घेतला आणि दर तासाला येऊन माझ्या टोकावर नजर ठेवली. रविवारी संध्याकाळी तो नुसते "हं" म्हणाला. हद्दूकडून एवढे मिळाले तरी माणसे घरी सांगत.

सोमवारी अल्लाल आला, आणि तो बेरकी माणूस काय करून आला होता ठाऊक आहे? सफरचंदाच्या बुंध्यांना फासतात तो चुना त्याने गाडीच्या पोटाला फासला होता. गाडी थांबवून तो सतरंजी टाकून गाडीखाली सरकला. सगळे गाव वाकले. म्हाताऱ्या बायकाही गुडघे धरून वाकल्या.

मग अल्लाल बाहेर आला, कपडे झटकले आणि म्हणाला, "चुना जसा फासला तसा आहे. अरे, मुली कुठायत? मला काय दिवसभर इथंच ठेवता?"

बायकांनी टाळ्या पिटून, जिभा हलवून असा आनंदाचा गजर केला की खेचरे बिथरली. तूदा दप्तर घेऊन चढली. बासू ट्रॅक्टरआड जाऊन माझ्यावरची माती पुसत बसला. एवढी माती माझ्यावर नव्हती. तो रडत होता.

पुढची सात वर्षे माझी चैन होती. दर पावसानंतर, दर बर्फानंतर वाटेवर मीच. लोक मुलांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हे ते पातं." मग गावाने मोठा ट्रॅक्टर घेतला. त्याची चाके रुंद, त्याला मी कसा पुरणार? त्याच्यासाठी मोठे पाते आले, मापाने निवडून आणलेले. त्याचा मला राग नाही. पण मला सफरचंदांच्या खोपीमागे टाकले ते तसेच. कोणी तेलाचा बोळा फिरवला नाही. माझा निळा रंग गेला, गंज चढला, कोंबड्या माझ्याखाली अंडी घालू लागल्या. माझी धार झिजून पाठीपर्यंत आली होती. भंगारवाला दोनदा बघून गेला. पाच वर्षे अशी गेली.

गेल्या आठवड्यात खोपीमागे पावले वाजली. तूदा होती. ती आता वरच्या वाडीत शिक्षिका आहे. तिझरीने आपला जुना लहान ट्रॅक्टर त्या वाडीला दिला आहे, कारण तिच्या वर्गातल्या पाच मुलींची तिथली शाळा संपली, आणि गाडी अजून तिथवर जात नाही. वाडीतले लोक म्हणत होते, नवे पाते घेऊ, चांगले मोठे.

तिच्या मागे काठी टेकत इत्तो आली. तिला आता नीट दिसत नाही. हातात दोरी होती.

"आई, ट्रॅक्टर तोच आहे ना? मग परत माप कशाला?"

"टायर नवे आहेत, बाई. मी सकाळी मोजून आले." तिने दोरी माझ्या पाठीवर पसरली आणि बोटांनी चाचपत टोकापर्यंत गेली. गंजावर तिचे बोट थांबले. "गाठ बसली."

"पण याची धार संपलीय."

"उहम्मू काय सांगायचा ते तुझ्या बापानं कधी ऐकलं नाही. पाना आण."

तूदाने रॉकेल ओतले, बोल्ट भिजवले, पाना लावून दोन्ही हातांनी जोर लावला. बारा वर्षांचे नट कुरकुरत सुटले. तिने धार काढली आणि उलटी केली. दुसरी बाजू कोरी होती. उहम्मूने घासली तेव्हा होती तशीच, एकदाही मातीला न लागलेली.

मित्रांनो, वस्तू घेताना तिचा मोठेपणा पाहू नका, ती कुणाला जोडायची आहे ते पाहा. काम झाले की दोन बोटे तेल लावा, आम्ही जास्त काही मागत नाही. आणि आमच्यासारख्याला भंगारात घालण्याआधी एकदा उलटून बघा. माझी अर्धी धार अजून शिल्लक आहे, आणि वरच्या वाडीच्या पाच मुलींनी आपली दप्तरे खिळ्याला टांगली आहेत.