गंगाईचा गार श्वास

त्या गुरुवारी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. कागलच्या अलीकडं बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या मागं पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. तिथपर्यंत दुचाक्या, वडापच्या जीपा आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागलेल्या. नारळवाले ओरडत होते, वडे तळले जात होते आणि कर्ण्यावर भजन असं लावलं होतं की शेजारच्याचं बोलणं ऐकायला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे.

शेडीत रुळावर एक काळं, बुटकं वाफेचं इंजिन उभं होतं. एकेकाळी या अरुंद रुळांवरून ते शिवारातला ऊस कारखान्यापर्यंत ओढून आणायचं. गाववाले त्याला गंगी म्हणायचे. आता गंगीची गंगाई झाली होती. तोंडावर चांदीचे डोळे, अंगाला शेंदूर, गळ्यात झेंडूच्या माळा. ड्रायव्हरच्या जागेभोवती भगवा पडदा ओढला होता. त्याला आता गाभारा म्हणत.

पुढं भगव्या लुंगीतले ज्ञानू महाराज माईक घेऊन उभे होते.

"कोळसा हाय का? बघा आत वाकून! जाळ हाय का? हात लावा भट्टीला! गारच्या गार! मग ही शिट्टी वाजती कशी? सायन्सवाल्यांनी सांगावं! आणि वाफ भाजती का न्हाय? तुमच्या घरची वाफ भाजती, भाताच्या पातेल्यावरची भाजती. माझ्या गंगाईची भाजती का? या, घाला हात! ह्यो देवाचा श्वास हाय बाबांनो. गार, शीतळ! ज्याला दमा, ज्याला धाप, त्यानं छातीत भरून घ्यायचा. आणि ते दम्याचं, तोंडात मारायचं विलायती पंप गंगाईच्या पोटात टाकायचं. दोन डॉक्टर एका रोग्याला चालत न्हाईत!"

शिट्टी वाजली. धुराड्यातून पांढरे झोत उसळले, इंजिन भस्स भस्स करत चार हात पुढं सरकलं, थांबलं, मागं आलं. माणसांनी हात जोडले. खोकणारी, धापा टाकणारी माणसं पुढं सरली आणि चाकांजवळून सुटणाऱ्या फवाऱ्यापुढं तोंड उघडून उभी राहिली.

गर्दीच्या कडेला काठी टेकून पद्मावती मगदूम हे बघत होती. कोल्हापूरच्या एका तंत्रनिकेतनात ती यंत्रशास्त्र शिकवायची. हे इंजिन तिनंच बाभळीच्या झुडपातून बाहेर काढलं होतं. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी ती इथं यायची, सोबत तिचे जुने विद्यार्थी. त्यांनी गंज खरवडला, बॉयलरच्या कुजलेल्या नळ्या बदलल्या, पितळी बेअरिंगं नव्यानं ओतून घेतली. आता सरकारी निरीक्षकानं बॉयलर तपासून दाखला दिला की भट्टी पेटवायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती काही महिने घरात अडकली.

ती पुढं झाली. फवाऱ्यात हात धरला. हात गार पडला. बोटांना कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास आला. वर धुराड्यातून येत होता तो उदाचा वास. तिला कळायला तेवढं पुरलं.

"पद्माक्का!" कुणीतरी तिचा दंड धरला. चिमणाबाई. शेडीजवळच्या वस्तीत राहणारी. कामाच्या दिवसांत भाकरी-झुणका घेऊन यायची आणि इंजिनाच्या सावलीत बसून सगळ्यांना जेवू घालायची. "बगिटलासा न्हवं? तुमची गंगी देव झाली!"

"चिमणाबाई, ही नुसती हवा आहे. दाबून भरलेली."

"आसंल की. हवा म्हणा, न्हायतर देव म्हणा. मला बरं वाटतंय."

"आणि पंप?" चिमणाबाईला जुना दमा होता. पद्मावतीनंच तिला छातीच्या डॉक्टरकडं नेलं होतं.

चिमणाबाई दुसरीकडं बघत म्हणाली, "घेत्या की. सोडलाय कुठं."

गर्दी ओसरल्यावर पद्मावतीनं भगवा पडदा बाजूला सारला. आत बसला होता विश्वजित. तिचा विद्यार्थी, इंजिनिअर, या कामातला तिचा उजवा हात.

"तू?"

विश्वजितनं मान खाली घातली नाही. "मॅडम, बॉयलर पेटवायच्या आधी हवा भरून इंजिन चालवून चाचणी घेतात, हे तुम्हीच शिकवलंत. त्या चाचणीला आपण अख्ख्या गावाला बोलावलं होतं. किती आले? आपणच आणि चिमणाबाई. आता बाहेर बघा. छत गळत होतं, ते झालं. रूळ झाले. महाराज म्हणतात, पुढच्या वर्षी डबे करू. इंजिन वाचतंय ना? लोकांना काय वाटतं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

"आणि हे?" तिनं बॉयलरच्या पाठीकडं बोट केलं. तिथं एक लोखंडी त्रिशूळ उभा होता, थेट बॉयलरच्या पत्र्याला वेल्डिंग केलेला. "दाबाच्या भांड्यावर असं वेल्डिंग? निरीक्षक याला कधीतरी दाखला देईल का? हे इंजिन आता वाफेवर चालणार नाही, विश्वजित. तू इंजिनिअर आहेस. तुला हे ठाऊक होतं."

"वाफ कुणाला पाहिजे आता?" तो म्हणाला.

त्या वाक्यानंतर तिला त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही. ती पोलिसांकडं गेली. तिथं चहा मिळाला आणि लोकांच्या भावनांचा विषय असल्याचं सांगण्यात आलं. गावच्या पुढाऱ्यानं तर हसून विचारलं, "मॅडम, गावाला यात्रा लागली, तुमच्या पोटात का दुखतंय?"

पौषात थंडी वाढली. गुऱ्हाळं पेटली होती, फडांत पाचट जळत होतं, हवेला सकाळ-संध्याकाळ धुराचा वास. एका दुपारी पद्मावतीला चिमणाबाईच्या मुलाचा, गुंडूचा फोन आला. गुंडू एमआयडीसीत ओतकामाला होता. आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, आई गेली."

ती वस्तीवर पोचली तेव्हा बायका बसल्या होत्या. गुंडू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं सांगितलं ते एवढंच. पहाटेपासून धाप होती. त्यानं पंप शोधला, सापडेना. आई म्हणाली, गंगाईकडं ने. त्यानं पाठीवर घेऊन शेडीत नेलं. महाराजांनी इंजिनात ऊद पेटवला, शिट्टी वाजवली, आईला फवाऱ्यापुढं धरायला लावलं. आई काळीनिळी पडली तेव्हा महाराज म्हणाले, रोग बाहेर निघालाय, धीर धर. कोल्हापूरच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये तिनं मान टाकली.

"पंप कुठं होता, गुंडू?"

"दिवाळीतच गंगाईच्या पोटात टाकला म्हणं. मला आत्ता शेजारणीनं सांगितलं." त्यानं तिच्याकडं बघितलं. "मॅडम, त्यो श्वास म्हंजी खरंच नुसती हवा हुती? तुमी आईला म्हणालतासा तसा?"

"हो."

"मग मला दावा. मला एकट्याला नगं. समद्यांसमोर दावा."

पुढच्या गुरुवारी ते दोघं गेले. महाराजांच्या कानावर चिमणाबाईचं मरण आलं होतंच. माईकवरून तेही वापरून झालं होतं. "एक माऊली गेली. का गेली? मनात किंतू हुता! घरात शिकल्याली माणसं ये-जा करत हुती!" गुंडू माईककडं निघाला. पद्मावतीनं त्याचा हात दाबला आणि हळूच सांगितलं, "तू शेडीमागच्या पंपघराकडं जा. जनरेटरशेजारी कॉम्प्रेसर असेल. त्याची नळी जमिनीखालून शेडीत येत असणार. तिचा व्हॉल्व्ह बंद कर. मग माझी हाक ऐकू आली की उघड."

ती स्वतः कर्ण्याच्या पोराकडं गेली आणि तारच ओढून काढली.

भजन थांबलं. गर्दीला एकदम कानांचे दडे सुटल्यासारखं झालं. आणि मग सगळ्यांनाच ऐकू आलं, शेडीमागं, पंपघरात धड-धड-धड चाललेलं काहीतरी.

"ऐका," पद्मावती ओरडली, "हे काय वाजतंय?"

"जनरेटर! लाइटीचा जनरेटर हाय!" महाराज म्हणाले.

"लाइट तर लागलेलीच नाही. दुपार आहे."

काहीजण हसले. तेवढ्यात साठलेली हवा संपत आली. इंजिनाची भसभस मंदावली. शिट्टी बारीक झाली, कण्हल्यासारखी झाली आणि बंद पडली.

"बघिटलासा?" महाराजांनी संधी सोडली नाही. "शंका घेतली, गंगाई रुसली! ही बाई! हिनं बाटवली!"

गर्दी फिरली. कुणीतरी पद्मावतीची काठी हिसकावली. एका म्हाताऱ्यानं तिच्या अंगावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. दुखऱ्या गुडघ्यावर तोल सावरत, दोन्ही हातांनी इंजिनाची कड धरून ती उभी राहिली आणि जीव खाऊन ओरडली, "गुंडू, सोड!"

इंजिनावरचा दाबाचा काटा हळूहळू चढला. शिट्टी वाजली. इंजिन पुन्हा भसभसायला लागलं.

"रुसवा निघाला का महाराज?" ती म्हणाली. "तुम्ही तर अजून मंत्रही म्हटला नाही. गुंडू, बंद!"

थोड्या वेळानं इंजिन पुन्हा कण्हत थांबलं. या वेळी कुणी ओरडलं नाही. माणसं एकदा इंजिनाकडं, एकदा पंपघराकडं बघत होती.

मग व्हॉल्व्ह पुन्हा उघडून गुंडूच आला. इंजिनाखालचं नळीचं तोंड त्यानं पान्यानं सोडवलं होतं आणि फुसफुसणारी ती काळी नळी ओढत तो गर्दीतून चालत होता. ज्याच्या त्याच्या तोंडासमोर धरत होता.

"घ्या. घ्या की श्वास! पंक्चरवाल्याकडं चाकात भरतासा त्योच हाय ह्यो. म्हाराज, मी बी देव झालो की आता! मला बी नारळ फोडा!"

नळीची गार हवा लागली तशी माणसं मागं सरकली. ज्यांनी इतके आठवडे ती छातीत भरून घेतली होती त्यांनाही ती आता नकोशी झाली.

पद्मावतीनं इंजिनाच्या तोंडावरचं, धुराड्याखालचं गोल झाकण उघडायला लावलं. आत निखाऱ्यावर ऊद जळत होता. "इंजिनातून सुटलेली हवा इथून वर जाते आणि हा धूर घेऊन धुराड्यातून बाहेर पडते. ती तुमची वाफ. खरी वाफ असती तर चाकांजवळ हात धरणाऱ्याची कातडी सोलून निघाली असती. गार आहे, कारण दाबलेली हवा सुटली की गार पडते. त्यात देव नाही. त्यात कॉम्प्रेसरचं तेल आहे, आणि वरून हा धूर. दमेकऱ्याला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही."

मग तिनं गाभाऱ्याचा पडदा बाजूला ओढला. "विश्वजित, तू सांग. हवा आहे की नाही?"

विश्वजित उठून पडद्याबाहेर आला. "हवा आहे," तो म्हणाला.

गुंडूनं गंगाईच्या पोटाचं, म्हणजे भट्टीचं दार उघडलं. जिथं कोळसा जळायचा तिथं पंप भरले होते. निळे, नारिंगी, जांभळे. दार उघडताच काही घरंगळून त्याच्या पायांवर पडले. तो खाली बसला आणि एकेक हातात घेऊन बघायला लागला. आईचा कुठला, ते त्याला शोधायचं होतं. पण निळे सगळे सारखेच होते. तो शोधत राहिला, आणि भोवतालची माणसं, ज्यांचे पंप त्या ढिगात होते ती, पायांच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. ते जामिनावर सुटले, आणि ऐकतो ते खरं असेल तर सीमेपलीकडं दुसऱ्या कुठल्यातरी गावात बसतात. विश्वजितचं नाव कागदोपत्री साक्षीदार म्हणून लागलं. इंजिनाला निरीक्षकानं दाखला नाकारला. पत्र्याला जिथं त्रिशूळ जोडला होता तिथं चीर गेली होती. नवा बॉयलर घालायचा तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. पद्मावतीच्या हाताखालची पोरं पांगली. गावानं तिला कार्यक्रमाला बोलावून शाल घातली नाही, की यात्रा बुडवली म्हणून तिच्याशी धड भांडणही केलं नाही.

ती अजून रविवारी जाते. शेंदूर खरवडते. गुंडू कधीकधी येतो, हातात घासकागद घेतो आणि बसतो.

लोक अजूनही येतात. परवा कुरुंदवाडकडचं एक जोडपं आलं. नवरा धापा टाकत होता. बाईच्या पिशवीत नारळ होता.

"गंगाई हीच न्हवं? यांना श्वास द्यायचा हुता."

गुंडू उठून बाहेर गेला. पद्मावतीनं हातातला घासकागद खाली ठेवला आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. कॉम्प्रेसर कुठं होता, नळी कुठून यायची, ऊद कुठं जळायचा, चिमणाबाई कशी मेली. बाईचा विश्वास बसला नाही. आमच्या नणंदेला गुण आलाय, असं ती म्हणाली.

"आला असेल," पद्मावती म्हणाली. "थंडी कमी झाली की, धूळ कमी झाली की दमा आपोआप हलका होतो. मग जे त्या आठवड्यात केलं त्याला श्रेय जातं. ताई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्या पंपघरात जा, नळी जिथं पुरली होती तो चर अजून उघडा आहे, तो बघा. देवावर श्रद्धा ठेवायला कोण नको म्हणतंय? पण कुणी चमत्कार दाखवला की त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघायचं. बघू देत नसेल तर तिथून उठायचं. आणि कुणीही, मी सांगितलं तरी, डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडायचं नाही. एवढं केलं असतं तर एक बाई आज इथं बसून तुम्हाला भाकरी वाढत असती."

बाई नारळाची पिशवी धरून बसून राहिली. नवरा मात्र भिंतीला धरून उठला आणि धापा टाकत पंपघराकडं, तो चर बघायला चालू लागला.