सुरुंग नको म्हणाले

मला न विचारताच आमच्या ह्यांनी फोनवर सांगून टाकलं, "नको साहेब, सुरुंग नको." मी आत भाकऱ्या थापत होते. कसला सुरुंग नि काय, मला पत्ताच नाय.

आमचा रितेश फौजेत होता, पार वर लडाखच्या बर्फात. गणपतीत सुट्टीवर आला, जाताना वडखळ नाक्यावर मीच त्याला गाडीत बसवला. महिनाभरात तिथं बर्फाचा कडा कोसळला आणि माझा पोर खाली गाडला गेला. जिवंत नाही, हे त्याच्या फौजेतल्या साहेबांनी पहिल्याच फोनला सांगितलं होतं. पण फौजेच्या कुत्र्यांनी वास काढून जागा दाखवली होती. माझा सगळा जीव त्या जागेत अडकलेला.

हा सुरुंगाचा फोन आला तेव्हा मात्र वादळ येत होतं आणि खणायला वेळ उरला नव्हता. साहेब भला माणूस, त्यांनी ह्यांना नीट समजावलं. बर्फ हळूहळू दाबला तर मेणासारखा सरकतो म्हणे. स्फोटाचा दणका बसला की तोच बर्फ काचेसारखा फुटतो. जवळचा तर भुगाच होतो आणि तडे कुठवर पळतील त्याचा नेम नाय. "सुरुंग लावला तर रितेश मिळेल," साहेब म्हणाले, "पण अखंड मिळेल असं वचन देता येत नाही. तुम्ही सांगाल तसं करू."

ह्यांचा जन्म गेला हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात. भंगलेली मूर्ती कुणी घरात घेत नाय, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं. मला म्हणाले, "हाय तिथं अखंड राहू दे गो त्याला."

"अहो, मूर्ती हाय का ती?" मी पिठाच्या हातानं त्यांचा सदरा धरला. "पोर हाय माझा! नुसतं बोट मिळालं असतं तरी मी पदरात घेतलं असतं. लावा फोन, आत्ताच्या आत्ता लावा!"

लागला नाय. लागला तेव्हा वादळ होऊन गेलं होतं. वरचा सगळा बर्फ खाली घसरला, आता खुणेची जागाच राहिली नाय, साहेब म्हणाले.

भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. मी म्हटलं, गवताला मी जन्म दिला नव्हता. ह्यांनी एकट्यानं जाऊन केलं ते. मी घरातनं हलले नाय. तेव्हापासून आमचं बोलणं असं नव्हतंच.

परवा चहा द्यायला कारखान्यात गेले. हे खाली बसून एका कच्च्या गणपतीला काहीतरी लावत होते.

"काय करताय?" मी विचारलं.

"हात तुटलाय गो," मान वर न करता म्हणाले. "जोडतोय. डोळ्यांची आखणी व्हायची हाय अजून, तोवर ती नुसती माती, जोडलेलं चालतं."

मी कप खाली ठेवला. भांडायचं नव्हतं मला, देवाशपथ नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"मग आपल्या रितेशला पण जोडला असता की ओ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गणपतीचा तो ओला हात त्यांनी दोन्ही हातांनी तसाच धरून ठेवला होता, आणि त्यांना तो सोडवेना.